कर्वे रोडच्या प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल, ९००० + जीएसटी. घ्यावा का?

मेतकूट_भात (१५ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी सिंहगड रोडला माणिकबागेत राहते. गेली दोन वर्षं घरूनच मेतकूट, थालिपीठाची भाजणी, डांगर, कारळ्याची आणि जवसाची चटणी असं करून विकतेय. गिऱ्हाईक म्हणजे बिल्डिंगमधल्या बायका, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक आणि त्यांच्या ओळखीतून आलेले, महिन्याला १२-१५ हजारांचा माल जातो. दुकान वगैरे काही नाही, गॅलरीत वाळवण आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण.

आता एका प्रदर्शनाचा मेसेज आलाय. कर्वे रोडवरचा एक हॉल, १०-११-१२ ऑक्टोबर, शुक्र-शनि-रवि, सकाळी १० ते रात्री ९. सहा बाय अडीच फुटांचं एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग पॉइंट. भाडं ९००० अधिक जीएसटी, कॉर्नर हवा असेल तर १००० जास्त. पैसे सगळे आधी भरायचे, रिफंड नाही. "फक्त ४ स्टॉल बाकी" असा मेसेज गेले आठ दिवस रोज येतोय, त्या चारचे तीन काही होत नाहीयेत.

मी आजवर कधीच स्टॉल लावलेला नाही. नवरा म्हणतो करून बघ, जास्तीत जास्त काय होईल. सासूबाई म्हणतात नऊ हजारांत पाचशे घरी सँपल वाटून होतील. दोघांचंही पटतं, तिथेच घोडं अडलंय.

तर विचारायचं असं की तीन दिवसांत एवढे पैसे निघतात का, माल किती करून न्यायचा, अर्धं टेबल कुणाबरोबर शेअर करावं का, आणि फूड लायसन्स मी काढलेलं नाही तर त्याची गरज आहे का. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, "मनापासून केलं की होतं" टाइप उत्तरं नकोत.

पेठेतला_नाना

घेऊ नका. प्रदर्शनात लोक एसीची हवा खायला येतात, बायको टेबलं बघते आणि नवरा दाराशी उभा राहून मोबाइल बघतो. आमच्या सौ. दरवर्षी जातात, चार तास फिरतात आणि येताना पन्नास रुपयांचे कानातले आणतात.

त्यापेक्षा पेठेत घरगुती पदार्थांची दुकानं आहेत तिथे पाकिटं ठेवा. २०-२५ टक्के कमिशन घेतात आणि पैसे महिन्या-दीड महिन्याने देतात, ते खरं, पण तुम्हाला तीन दिवस उभं तरी राहावं लागत नाही. आमच्या ओळखीतल्या एकीने दिवाळीआधी तुळशीबागेबाहेर फुटपाथवर टेबल टाकलं होतं, भाडं शून्य.

खणाची_चोळी

नाना, फुटपाथवर असं टेबल टाकता येत नाही हो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्याला महापालिकेचं विक्री प्रमाणपत्र लागतं, नाहीतर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की टेबलासकट मेतकूट उचलून नेतील. त्या तुमच्या ओळखीच्या बाईंचं नशीब चांगलं.

ताई, मी खणाच्या पर्स आणि ब्लाऊज घेऊन नऊ वर्षं प्रदर्शनं करतेय, म्हात्रे पुलाजवळच्या लॉन्सपासून कोरेगाव पार्कापर्यंत सगळीकडे टेबल मांडून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. घरगुती कोरड्या पदार्थांत स्वतःची मजुरी धरली नाही तर शंभरामागे चाळीस सुटतात असं धरू. ९००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६२०, झाले १०,६२०. टेम्पो जाऊन-येऊन १२००. मदतीला कोणीतरी हवंच, तुम्हाला बाथरूमला जायचं असेल तर स्टॉल कोणाच्या भरवशावर टाकणार, तिचे रोजचे ५०० धरून १५००. चवीला वाटायचं सामान हजार, चहा-खाणं सहाशे. आले १४,९२०. हे चाळीस टक्क्यांतून निघायला ३७,३०० ची विक्री पाहिजे. म्हणजे तिथपर्यंत तुम्ही आयोजकासाठी आणि टेम्पोवाल्यासाठी राबताय, त्याच्या पुढे तुमचं स्वतःचं सुरू. खाण्याच्या स्टॉलवर एक बिल साधारण दोनशेचं होतं, म्हणजे १८७ बिलं, दिवसाला ६२. हॉल अकरा तास उघडा असला तरी गर्दी ११ ते १ आणि ५ ते ९ एवढीच, मधे शुकशुकाट, शेजारच्या स्टॉलवाल्या डबे उघडून बसतात. म्हणजे तासाला दहा बिलं, दर सहा मिनिटाला एक. त्या सहा मिनिटांत चव द्यायची, "यात लसूण आहे का" ला उत्तर द्यायचं, पाकीट पिशवीत भरायचं, सुट्टे शोधायचे. होतं, पण बसायला मिळत नाही, दोन खुर्च्यांतली एक मालासाठीच वापराल.

आता महत्त्वाचं. तुम्ही जो माल लिहिलाय तो या तारखांना चुकीचा आहे. मेतकूट वर्षभर मिळतं. लक्ष्मीपूजन आहे २१ तारखेला, तुमचं प्रदर्शन त्याच्या दहा दिवस आधी, तेव्हा बायका एकच विचारत येतात, चकलीची भाजणी आहे का. जिला नोकरी आहे तिला फराळ घरी करायचाच असतो, फक्त भाजून दळून आणायला वेळ नसतो. निम्मं टेबल चकलीच्या भाजणीने भरा, अर्ध्या किलोची पाकिटं करा, आणि प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाका, कपाला किती मोहन, किती पाणी, आणि खाली तुमचा नंबर. ती चिठ्ठी फ्रिजवर लागते, पाकीट कचऱ्यात जातं.

चवीसाठी भाजणी कोणी चाटून बघत नाही. घरून चकल्या तळून न्या आणि तुकडे करून बरणीत ठेवा. मेतकुटासाठी मात्र भातच पाहिजे. कॅसरोलमध्ये गुरगुट्या मऊ भात, वर तूप, चिमूटभर मीठ आणि मेतकूट, कागदी द्रोणात एक-एक घास. भात गरम असेपर्यंतच द्या, गार झाला की मेतकुटाच्या गुठळ्या होतात आणि बघूनच खावंसं वाटत नाही. चमचे लाकडी आणा, प्लॅस्टिकचे बंद आहेत. कॅरीबॅग तर चुकूनही ठेवू नका, पहिल्या वेळेचा दंडच ५००० आहे.

टेबलाची गंमत अशी की आयोजकाची पांढरी चादर कधीच पांढरी नसते. घरची सतरंजी किंवा इरकल काहीतरी न्या. आणि पाकिटं आडवी मांडू नका, खाली दोन क्रेट पालथे घाला, वर कापड, त्यावर पाकिटं उभी, चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिसली पाहिजेत. मोठ्या अक्षरात एकच पाटी, "चकलीची भाजणी". तुमच्या ब्रँडचं नाव बारीक असलं तरी चालेल, ते आत्ता तुमच्या नवऱ्यालाच माहितीये.

अर्धं टेबल शेअर करणार असाल तर दागिनेवालीबरोबर करा, खाण्याच्या पदार्थवालीबरोबर नाही. आणि मेणबत्त्या, अगरबत्तीवाली तर शेजारीसुद्धा नको, भाजणीला मोगऱ्याचा वास लागतो. हसू नका, माझ्या बहिणीचं झालंय.

माझा एक फटका सांगून थांबते. दोन वर्षांपूर्वी एका आयोजकांनी (नाव घेत नाही) नकाशावर दाराजवळची जागा दाखवली आणि मी सकाळी आठला सामान घेऊन पोचले तर जिन्याखालचं टेबल. म्हणे "ॲडजस्टमेंट झाली". तीन दिवसांत लोकांनी मला फक्त एकच विचारलं, लेडीज टॉयलेट कुठे आहे. तेव्हापासून स्टॉल नंबर लिहिलेला नकाशा व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय मी एक रुपया पाठवत नाही.

मेतकूट_भात

बाप रे, ताई, खूप खूप आभार. सहा मिनिटाला एक गिऱ्हाईक हे वाचून पोटात गोळाच आला. चकलीची भाजणी मी घरापुरती करते, विकायचा विचारच केला नव्हता. अनारशाचं पीठ पण न्यावं का? माझं छान होतं.

हिशेबनीस

लायसन्सबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हो, गरज आहे. घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, खरं तर दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती. मी बायकोच्या लोणच्यांसाठी २०२३ ला केली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये, ऑनलाइन फोटो आणि पत्त्याचा पुरावा टाकला, आठवड्याभरात आली. एजंट दोन हजार मागत होता, कशाचे ते त्यालाच ठाऊक. आत्ताच अर्ज टाका, ऑक्टोबरपर्यंत हातात असेल. बरेच आयोजक खाण्याच्या स्टॉलला तो १४ आकडी नंबर मागतात, आणि नाही मागितला तर त्या आयोजकाबद्दलच शंका घ्या.

पाकिटावर तो नंबर, पदार्थाचं नाव, घटक (जे जास्त ते आधी), निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, तुमचं नाव-पत्ता-फोन, आणि चौकोनात हिरवा ठिपका. मेतकुटात गहू असतो, चटणीत शेंगदाणे असतील तर तेही, हे ठळक लिहा, आजकाल लोक वाचतात. स्टिकर प्रिंट करायला आप्पा बळवंत चौकात जा, पाकिटं बोहरी आळीत किलोवर मिळतात. ऑनलाइन मागवलेली झिपवाली पाऊच दिसतात भारी पण नगाला पाच-सहा रुपये लावतात, सत्तर रुपयांच्या चटणीला ते जड जातं.

सुटं विकू नका. कुणी "पाव किलो मोजून द्या" म्हटलं तरी नाही म्हणा. स्वयंपाकघरातला काटा विक्रीला चालत नाही, वैधमापनचा शिक्का मारलेला लागतो.

आता त्या "अधिक जीएसटी"चं. १८ टक्के बरोबर आहे, पण तुमचं स्वतःचं रजिस्ट्रेशन नाही (मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणजे लागणारही नाही), त्यामुळे ते १६२० तुम्हाला कुठूनही परत मिळत नाहीत, सरळ खर्चात धरा. मात्र आयोजकाकडून त्यांचा जीएसटी नंबर छापलेलं बिल मागा आणि तो नंबर पोर्टलवर टाकून बघा, नाव समोर येतं. काही जण गूगल पे वर पर्सनल नंबरला "अधिक जीएसटी" घेतात आणि बिल विचारलं की विषय बदलतात. तो जीएसटी नाही, ते त्यांचं पेट्रोल.

आणि उद्या हौसेने गोव्याला किंवा दिल्लीला स्टॉल लावायला निघालात तर ४० लाखांचा नियम तिथे कामाचा नाही, परराज्यात जाऊन प्रदर्शनात विकायचं तर साधारणपणे त्या राज्यात तात्पुरतं रजिस्ट्रेशन लागतं. त्या आधी इथे येऊन विचारा.

वाकडकर_सुगरण

मी जरा वेगळं सांगते. पहिल्याच वेळी तीन दिवसांचा हॉल नका घेऊ. आमच्या इकडे वाकड-हिंजवडीला मोठ्या सोसायट्या आहेत, रविवारी सकाळी क्लबहाऊसच्या बाहेर टेबल लावू देतात, मी गेल्या महिन्यात एका ठिकाणी ७०० रुपये दिले, सकाळी ८ ते १. सहाशे फ्लॅट. मी उकडीच्या मोदकांचं पीठ आणि पुडचटणी नेली होती, पाच तासांत ५,४०० ची विक्री. कमिटीच्या सेक्रेटरीला दोन दिवस आधी फोन करायचा आणि गेटवर तुमचं नाव ॲपमध्ये टाकायला सांगायचं, नाहीतर वॉचमन सामानासकट अर्धा तास उभं करतो.

एक गोष्ट मात्र आहे, आमच्याकडे निम्मे लोक मराठी नाहीत. मेतकूट म्हणजे काय हे मी एका सकाळी चाळीस वेळा समजावलं. शेवटी मीच कंटाळून "गनपावडर फॉर राइस" म्हणायला लागले आणि तीन पाकिटं गेली. मेतकुटाने मला माफ करावं.

बचतगटात असाल तर भीमथडी आणि पवनाथडीचं पण बघा. भीमथडी डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर असते, बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट भरवतो. पवनाथडी पिंपरी-चिंचवड महापालिकेची, बऱ्याचदा सांगवीला. दोन्हीकडे गर्दी प्रचंड, पण एकट्या बाईपेक्षा गटाला आधी जागा.

आयोजक_बोलतोय

वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. मी स्वतः छोटी प्रदर्शनं भरवतो. वरचं प्रदर्शन माझं नाही, कुणाचं आहे तेही माहीत नाही.

आमची बाजू थोडी सांगतो. हॉलचे पैसे आम्ही सहा महिने आधी भरलेले असतात, रस्त्यावर फ्लेक्स लावायला महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी आणि फी, पेपरात पत्रक घालायचे वेगळे, त्यामुळे रिफंड देत नाही यात आमचा दुष्टपणा नसतो. पण "फक्त ४ स्टॉल बाकी" म्हणजे निम्मा हॉल रिकामा आहे, एवढं तुम्हाला कळलंच असेल. मीही असे मेसेज टाकतो, कबूल.

म्हणून भाडं कमी करा म्हणू नका, ते कोणी करत नाही, एकीला कमी केलं की संध्याकाळपर्यंत चाळीस जणींना कळतं. कॉर्नरचे हजार माफ करा म्हणा, ते आम्ही देतो, कारण ते कोणाला कळत नाही.

आणि प्रश्न योग्य विचारा. सगळे विचारतात "पब्लिक किती येतं?" त्याला प्रत्येक आयोजक "पाच हजार" म्हणतो, मीसुद्धा. त्यापेक्षा विचारा की भाजणी-चटणी-मसाल्याचे आणखी किती स्टॉल घेतलेत आणि ते माझ्यापासून कुठे आहेत. दोनपेक्षा जास्त असतील तर सोडून द्या, आणि दोनच घेणार हे मेसेजवर लिहून घ्या. रात्री सामान तिथेच ठेवायचं का, कुलूप कोणाकडे. सामान आत न्यायला किती वाजता उघडणार, लिफ्ट आहे का. प्लगवर इंडक्शन चालतं का (बहुतेक हॉलमध्ये नाही चालत, एकीने लावलं आणि माझी अख्खी रांग अंधारात गेली होती, भात घरूनच आणा). मोबाइलला रेंज आहे का, हे तर जाऊनच बघा, तळघरातल्या हॉलमध्ये यूपीआय गोल गोल फिरत राहतं आणि गिऱ्हाईक "येते जरा" म्हणून जातं ते जातंच.

शक्य असेल तर त्याच आयोजकाच्या दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनाला शेवटच्या दिवशी रात्री आठला जा. पहिल्या दिवशी सगळ्या हसत असतात. शेवटच्या रात्री सामान बांधणाऱ्या बाईला विचारा कसं झालं, ती खोटं बोलायच्या मूडमध्ये नसते.

आत्ता पितृपक्षात कुणी तुम्हाला तीन हजारांत टेबल देतो म्हणाला तर मात्र घेऊ नका, या पंधरा दिवसांत खरेदी होत नाही, हे त्यालाही माहितीये.

पेठेतला_नाना

आयोजक स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तरी माझं मत कायम आहे.

मेतकूट_भात (१६ ऑक्टोबर २०२५)

अपडेट द्यायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितेय, पाय अजून सुजलेलेच आहेत.

घेतला स्टॉल. कॉर्नरचे हजार माफ करा म्हटलं, समोरून दोन मिनिटं काही रिप्लाय नाही, मग "ओके मॅम, डोंट टेल एनीवन". आता इथे सांगून टाकलं, जाऊ दे. बिल मागितलं, आलं, नंबर पोर्टलवर सापडला. एफएसएसएआय पण झालं. नकाशा घेतला.

विक्री शुक्रवारी ६,८४०, शनिवारी १४,२१०, रविवारी १९,४७०. एकूण ४०,५२०. खर्च भाडं १०,६२०, टेम्पो १,२००, भाचीला १,५००, चवीचं सामान ९००, खाणं-पिणं ६४०, कापडी पिशव्या आणि चिठ्ठ्या ७६०, एकूण १५,६२०. खणाची चोळी ताईंच्या चाळीस टक्क्यांनी १६,२०८ सुटले, म्हणजे हातात ५८८. त्यातले ४८० एका गृहस्थांचे, त्यांनी शनिवारच्या गर्दीत मोबाइलवर हिरवी टिक दाखवली आणि गेले, पैसे आलेच नाहीत, रात्री हिशोब करताना कळलं. रविवारी नवरा जाऊन शेजारच्या दुकानदाराचा साउंडबॉक्स तासाभरासाठी मागून आणणार होता, मीच नको म्हटलं. तर उरले १०८. नवरा म्हणतो जपमाळ पूर्ण झाली.

शुक्रवारी दुपारी दोन ते पाच अक्षरशः चार माणसं आली. रडायला आलं होतं. शेजारी कॉटनच्या कुर्त्यांवाली होती, तिने डब्यातली मटकीची उसळ दिली आणि म्हणाली शुक्रवार धरायचाच नसतो.

चकलीची भाजणी २६ किलो नेली होती, रविवारी सहा वाजताच संपली. त्यानंतर तीन तास मी फक्त नंबर लिहून घेत होते. पाटी मोठी केली ती फार कामाला आली, लोक लांबूनच बोट दाखवत यायचे. मेतकूट-भाताला पण गर्दी व्हायची, पण खाणारे जास्त, घेणारे कमी. शनिवारी एक आजी आल्या, चांगल्या पंच्याऐंशीच्या असतील, द्रोणातला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि पाच-सहा गिऱ्हाइकांच्या समोर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिंग कमी पडलाय." मी गार. मग स्वतःच दोन पाकिटं घेतली आणि जाताना कानाशी येऊन सांगितलं की हिंगाचा खडा तुपात फुलवून मग कुटायचा, पावडर घालतेस ना तू. घालत होते. रविवारी रात्री घरी येऊन त्यांच्या पद्धतीने केलं आणि सासूबाईंनी काही न सांगता दोनदा भात घेतला.

फोनवरच्या ऑर्डरी आजपर्यंत १७ झाल्या, सगळी मिळून ३१ किलो भाजणी, गिरणीवाला म्हणतो ताई आता तुम्हीच चक्की विकत घ्या. हे पैसे प्रदर्शनात धरायचे की नाही यावर आमच्या घरात वाद चालू आहे.

फसलं ते अनारशाचं पीठ. ताई तुम्ही त्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतंत, तेव्हाच समजायला हवं होतं. नऊ किलो केलं होतं, तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सगळं नीट. बायका पाकीट हातात घ्यायच्या, उलटसुलट करायच्या आणि म्हणायच्या, "आमचे अनारसे हसतात हो," की ठेवून पुढे (हसतात म्हणजे तुपात सोडल्यावर विस्कटतात). एकीला म्हटलं माझं पीठ नाही हसत, तर म्हणाली पीठ नाही हसत, माझ्या तुपात गेलं की हसतं. यावर काय बोलणार.

तर साडेचार किलो उरलंय. गूळ घालून मुरलेलं आहे, टिकतं, पण दिवाळीआधी गेलं तर बरं. अर्ध्या किलोची पाकिटं आहेत.

खणाची_चोळी

मुद्दामच उत्तर दिलं नव्हतं, मला वाटलं हौस आहे तर करू दे. पहिल्या प्रदर्शनात खर्च निघाला हेच खूप, माझा पहिला सात हजारांनी बुडाला होता. त्या १७ जणींचे नंबर वहीत लिहून ठेवा, संक्रांतीला तिळगूळ-गुळपोळीचा मेसेज त्यांनाच आधी. आणि जानेवारीत मी म्हात्रे पुलाजवळ टेबल घेतेय, अर्धं हवं असेल तर सांगा. खणाला हिंगाचा वास लागला तर बघू.

वाकडकर_सुगरण

मला एक किलो ठेवा, रविवारी आईकडे कोथरूडला येतेय.

पेठेतला_नाना

अर्धा किलो माझ्या नावाने बाजूला काढा. सदाशिवात आणून देणार का मी येऊ? पैसे रोख देईन, हिरवी टिक नको. सौ. म्हणतायत हसला तर परत घेणार का ते आधी विचारा.